कारण : इतर

नार्विकमध्ये तंबू, बूट, दोरांची दुकानं तीन.
मॉलमधलं तीस दिवसांत परत घेतं,
लेबल लोंबत असेल तर, तळव्याला चिखल नसेल तर,
आणि पावती हरवली नसेल तर.
बंदरावरचं शंभर दिवस देतं, पण पैसे नाही, कूपन.
कूपनावर मालकाच्या कुत्र्याचा फोटो.
आमचं तिसरं. दारावर पितळी पाटी होती :
‘आयुष्यभराची हमी’.
कुणाच्या आयुष्याची, ते पाटीवर मावलं नसावं.

बारा वर्षं मी परतीच्या काउंटरमागे आहे.
ओडवार दर एप्रिलात हातमोजे आणायचा,
म्हणायचा, शिवण उसवली.
उसवलेली शिवण वाकडी जाते, आणि सुरीची सरळ,
तीही मासे साफ करायच्या सुरीची.
मी नवे द्यायचो. नियमच तसा होता.
तोही हवापाण्याचं बोलून जायचा.

एक जोडपं तंबू घेऊन आलं, एकेका टोकाला धरून.
‘दोघांसाठी, असं लिहिलंय यावर,’ ती म्हणाली,
‘आम्ही मावलो नाही.’
मी तो मागच्या खोलीत उभारला, फीत लावून मोजला.
मापात काहीच खोट नव्हती.
संगणकात कारणांची यादी असते :
आकार चुकला, रंग आवडला नाही, गळतो, तुटला.
काडीमोड त्यात नाही.
सगळ्यात खाली असतं ‘इतर’. मी ते दाबलं.

जानेवारीत दुकान ओस्लोच्या लोकांनी घेतलं.
पाटी काढली, दारात स्क्रूची चार भोकं राहिली.
आता हमी दोन वर्षांची.
कायदा पाच म्हणतो,
पण ते गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगायचं, अशी सूचना आहे.

त्याच आठवड्यात तोरब्योर्ग आली,
श्योमेनहून, सकाळच्या बसने,
लोकरी पिशवीत पितळेचा छोटा स्टोव्ह.
‘परत करायचाय.’
मी नवे नियम सांगायला तोंड उघडलं.
‘बिघडलेला नाही हा. उत्तम चालतो.

‘पंधरा वर्षांपूर्वी मी हाल्वार्दला सांगितलं,
स्टोव्ह फुटला, फ्योर्डमध्ये टाकून दिला.
त्याने एक शब्द न विचारता हा पदरात टाकला.
फुटला नव्हता तो. वरच्या झोपडीत विसरला होता,
आणि परत चढायचा मला कंटाळा आला होता.
परवा ऑगस्टात गेले. फळीवर तसाच होता.
तसाच म्हणजे, काजळलेला, वापरातला.
कोण कोण येत गेले, चहा करत गेले,
पिन मारत गेले. पिनसुद्धा दोऱ्याने बांधून ठेवलेली,
पुढच्याला शोधावी लागू नये म्हणून.
तर तो मी घरी आणला, आणि झोपडीत नवा ठेवला, विकतचा.
हा तुमचा.’

मी पडद्यावर वरपासून खालपर्यंत शोधलं.
परत आलेल्याची परत, असं बटण नाही.
शून्य रक्कम घेत नाही. उणे टाकलं की विक्री समजतो.
‘पावती?’ मी सवयीने विचारलं.
तिने काढली. हाल्वार्दचं गिरगिटं अक्षर, निळी शाई.
‘मुदत संपलीय,’ मी म्हणालो.
‘मग उशिराचा दंड किती?’
तिने खरंच पाकीट उघडलं होतं.
मागे रांगेत कुणीतरी स्कीच्या काठ्या आपटत होतं.

दर महिनाअखेर ओस्लोहून फोन येतो :
साठ्यात एक नग जास्त कसा?
मी म्हणतो, मोजून बघतो.

तो काउंटरखाली आहे, डाव्या खणात.
दुपारी दोनला अंधार पडतो तेव्हा
मागच्या दाराशी बसून मी त्यावर कॉफी करतो.
ओडवार येतो कधीकधी, हातमोजे न घेता.
नळी तुंबते मधूनच, ज्योत पिवळी होते.
काल मी जाड दोरा आणला,
आणि स्टोव्हच्या पायाला पिन बांधली.